बाहेरून कडी

विनोदिनीबाई आगाशे यांचं नाव ज्या आत्यानं ठेवलं, तिला घरचे लोक जन्मभर हसले. बाईंना विनोद कळत असे, पण सोसत नसे. साताऱ्यात मुलींच्या शाळेत त्यांनी निवृत्तीपर्यंत मराठी शिकवलं, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'छान' हा शब्द ज्या मोजक्या मुलींनी ऐकला, त्या आज आज्या झाल्या तरी लग्नकार्यात तो प्रसंग सांगतात. निबंधात कुणी 'सूर्याची सोनेरी किरणे' लिहिली, की बाई समासात विचारायच्या, 'कसोटीवर घासून पाहिलीस का?' शेजारच्यांची लग्नपत्रिका 'आशिर्वाद' असा शब्द घेऊन आली, तेव्हा बाईंनी तो दुरुस्त करून पत्रिका परत पाठवली आणि लग्नाला गेल्या नाहीत.

यजमान चिंतामणराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, स्वभावानं लोण्यासारखे. बायकोची जीभ सुरू झाली की ते झारी घेऊन गच्चीवर जायचे. त्यामुळं त्यांचे गुलाब पाणी जास्त होऊन कुजायचे.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात नगरसेवक लालासाहेब आगाशांच्या घरी आले. पांढरे कपडे, पांढरे बूट, मागं दोन कार्यकर्ते. कार्यकर्त्यांना बाईंनी बाहेरच थांबवलं.

"बाई, स्वातंत्र्याचं सुवर्णमहोत्सवी वर्ष हाय," लालासाहेब खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाले. "पेठेतल्या साबणाच्या कारखान्याचा इतिहास लिवायचाय. स्मरणिका काढतोय. तुमच्यासारखं लिवणारं गावात दुसरं कोन हाय?"

साबणाचा कारखाना म्हणजे बाजाराच्या ऐन पोटात, शनिवार पेठेच्या मागं उभी असलेली दगडी इमारत. धुराडं अर्धं पडलेलं, पत्रे गंजलेले, भिंतीवर 'येथे घाण करू नये' असं लिहिलेलं आणि त्या अक्षरांखालीच सगळी घाण. मातृभूमी सोप वर्क्स असं तिचं मूळ नाव. अच्युतराव केसकर नावाच्या गृहस्थानं ती स्वदेशीच्या भरात उभी केली आणि त्यांच्या मरणानंतर ती बंद पडली. गावात तिची कथा सगळ्यांना पाठ होती. केसकरांनी विलायती साबणाला आव्हान दिलं, म्हणून बेचाळीस साली गोऱ्या सरकारचे पोलीस कारखान्यात घुसले, लाठ्या चालल्या, रक्त सांडलं. दर पंधरा ऑगस्टला कुणी ना कुणी ते रक्त पुन्हा सांडायचं आणि दरवर्षी ते थोडं जास्त सांडायचं.

"कारखान्याचा दरवाजा आपन ठेवनार," लालासाहेब म्हणाले. "स्मृतिद्वार. त्यावर संगमरवरी पाटी."

"आणि दरवाजाच्या मागं?"

"मागं शॉपिंग सेंटर. स्वातंत्र्य संकुल."

"म्हणजे दारात बलिदान आणि आत बनियन."

लालासाहेब मोठ्यानं हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांनी ते हसू रुमालानं पुसलं.

बाईंनी काम घेतलं ते दोन कारणांनी. एक तर त्यांनी नकार दिला असता तर ते एका प्राचार्यांकडं गेलं असतं, आणि ते गृहस्थ एका वाक्यात तीनदा 'जाज्वल्य' लिहिल्याशिवाय पूर्णविराम देत नसत. दुसरं कारण जुनं होतं. बाईंचं माहेर सांगलीचं. वडील शाळेत कारकून आणि कडवे देशभक्त. घरात आंघोळीला मातृभूमी साबण सोडून दुसरा साबण येत नसे. वेष्टनावर हात जोडून उभी असलेली बाई आणि आत विटेसारखी टणक, पिवळी वडी. त्या साबणानं अंगाला अशी खाज सुटायची, की भावंडं रात्री झोपेतही खाजवायची. आई एकदा भीत भीत काही बोलली, तर वडील म्हणाले, "लोक देशासाठी फाशी जातात. तुम्हाला खाज सोसवत नाही?" आणि असं म्हणता म्हणता ते स्वतः पाठ दाराच्या चौकटीला घासत होते. छोट्या विनोदिनीनं ते पाहिलं. माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवण्याआधी त्याची पाठ बघावी, हे ती बहुधा त्याच दिवशी शिकली.

दुसऱ्या दिवशी किल्ली घेऊन बाई कारखान्यात गेल्या. बरोबर बॅटरी धरायला चिंतामणराव. आत मोठाल्या लोखंडी कढया होत्या. एकीत पिंपळ उगवला होता. भिंतींना अजून करपलेल्या तेलाचा उग्र वास होता. दर्शनी खोलीत एक मोठी रिकामी चौकट टांगलेली, खाली पाटी, 'उद्योगमहर्षी'. फोटो वाळवीनं खाल्ला होता, पदवी शाबूत होती.

"वाळवीलाही कळतं कुठं थांबायचं," बाई म्हणाल्या.

मागं एक लांबट खोली होती. तिथं जमिनीवर ओळीनं लाकडी पाट अजून पडलेले होते. पाटांसमोर ठेंगणी फळकुटं, त्यांवर साबण कापायच्या तारेनं पडलेले चरे. इथं बायका बसून वड्या कापत आणि कागदात बांधत असणार, हे उघड दिसत होतं. खिडक्या होत्या, पण हात पोचणार नाही इतक्या वर, आणि गजांच्या. बाई बाहेर निघाल्या आणि दारापाशीच उभ्या राहिल्या. दाराला जाडजूड कडी होती. ती बाहेरून होती. आतल्या बाजूला कडी नव्हती, कधी असल्याची खूणही नव्हती.

"गोदाम असेल," चिंतामणराव म्हणाले.

"गोदामात पाट कशाला? साबणाच्या वड्या मांडी घालून बसायच्या का?"

चिंतामणरावांची झारी हाताशी नव्हती. ते बॅटरीचा उजेड कडीवर पाडत राहिले.

संध्याकाळी बाईंनी लालासाहेबांना विचारलं. त्यांना ही चौकशी क्षुल्लक वाटली. "बायका साबण पळवायच्या, बाई. म्हनून कडी. ती कोंडी साबणचोर व्हती की! माची पेठेत तिच्या घराला अजून साबणचोराचंच घर म्हंत्यात. तिची लेक हाय, अंजना. खानावळीत भाकऱ्या बडवती."

"कोंडी काय? कोंडाबाई म्हणा," बाई म्हणाल्या. "चोराचंही नाव पुरतं घ्यावं. तुमचं नाही का आम्ही घेत?"

माची पेठेत अंजनाचं घर सापडायला वेळ लागला नाही. नाक्यावरच्या पानवाल्यानंच सांगितलं, "साबणचोराचं ना? ते निळं दार." अंजना पंचावन्नच्या आसपासची, मनगटापर्यंत पीठ लागलेली. कारखान्याचं नाव काढताच तिनं बाईंच्या तोंडावर दार लोटलं. मग पुन्हा चार बोटं उघडलं आणि म्हणाली, "आवं, माझ्या दोन पोरींची सोयरीक ह्याच नावापायी मोडली. आता कुटं नातवंडं झालीत. हितं ह्यो इषय नको. लय वाटत असंल तर उंब्रजला जावा. हरणामावशी हाय. ती आईसंगं कामाला व्हती."

बाई एसटीनं उंब्रजला गेल्या. हायवेला लागून हरणाबाईच्या मुलाचं पंक्चरचं दुकान होतं आणि टायरांच्या ढिगाआड सावलीत म्हातारी बसली होती. पंचाहत्तरीच्या पुढची, तोंडाचं बोळकं, बोटावर मिश्री, डोळे मात्र सगळीकडं. बाईंनी कशासाठी आलो ते सांगितलं.

"सर्टिफिकेट हाय का त्यात?" म्हातारीनं पहिला प्रश्न केला.

"कसलं?"

"स्वातंत्र्यसैनिकाचं. आमच्या हितल्या तात्याबाला घावलं. एसटीनं फुकाट हिंडतंय. त्या साली ह्ये बेनं आंब्यावर चढून बसलं व्हतं, पोलीस जाईस्तवर. मी तर काठ्या खाल्ल्यात."

"कुठं खाल्ल्या?"

"हितं," हरणाबाईनं खांदा पुढं केला. "आन् हितं. आन् जितं खाल्ल्या त्ये तुमास्नी दावू का रस्त्यावर?"

मग ती सांगू लागली. सांगताना मधेच हसायची, मधेच गिऱ्हाइकावर ओरडायची, आणि काही गोष्टी दोनदा दोन तऱ्हेनं सांगायची. पण मुद्द्याला आली की आवाज खाली यायचा.

"ताजा साबण लय वंगाळ, बाई. कास्टिक असतंय न्हवं त्यात. वडी कापायची, कागदात बांधायची, दिसभर. बोटं सोलून निघायची. जेवताना मिठाचं बोट लावाया भ्या वाटायचं. सकाळी आत बसवलं की कडी. दुपारी भाकरीला उगडायची, पुन्यांदा कडी. मुतायला जायचं तरी हाका मारायच्या. मालक म्हनायचा, घरचं कार्य समजा, देशाचं काम हाय."

"आणि कोंडाबाई?"

"कोंडी वल्ली बाळंतीन व्हती. पोरगी आंगनात टोपलीत. दुसऱ्या कुनाची तरी पोर संबाळायची तिला. टोपलीतली पोरगी रडाय लागली की आत कोंडीचं लुगडं भिजायचं, दुदानं. दार बडवायची ती. कोन उगडतंय? एकदा पोरगी रडून रडून गप झाली. आमाला वाटलं, गेली. त्या दिशी कोंडी कुनाशी बोलली न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी ती आत बसलीच न्हाई. आंगनात बसली, पोरगी मांडीवर घिऊन. मग आमी समद्याच बसलो."

"मागणं काय होतं तुमचं?"

"काय असायचंय? दार उगडं ठेवा. आन् हाताला लावायला खोबरेल द्या. ढिगानं तेल व्हतं की तितं! मालक आला. खादीत. हात जोडलं. म्हनला, माझ्या आयाबहिनींनो, देशाकडं बघा. कोंडी म्हनली, देशाकडं तुमी बघा, मी पोरीकडं बघते."

हरणाबाई यावर पोट धरून हसली. मग तिनं मिश्रीचं बोट पदराला पुसलं.

"त्यो आत गेला आन् मानूस धाडला चौकीवर. काय सांगितलं ठावं हाय? कारखान्यात चळवळीतली मानसं लपल्यात म्हनून. बेचाळीसचं साल. पोलिसास्नी तेवढंच पायजे व्हतं. आलं ते मारतच आलं. बाई बघितली न्हाई, बापय बघितला न्हाई. कोंडीनं पोरीवर हात धरला. हात मोडला कोपरात. पुढं तसाच वाकडा ऱ्हायला."

"आणि केसकर?"

"त्यो दुसऱ्या दिशी गावात फेटा बांधून हिंडला. माझ्या कारखान्यावर सरकारनं हल्ला केला म्हनून. लोकांनी हार घातलं. आमाला कामावनं काढलं. आन् इचारलं कुनी, की बायका का काढल्या, तर म्हनायचा, साबण चोरायच्या. तोंड लय चाललं कोंडीचं, म्हनून चोर कोंडी. आमी उंब्रजला आलो, आमाला कोन वळकतंय? ती तितंच ऱ्हायली."

परतीच्या एसटीत विनोदिनीबाई खिडकीशी बसल्या होत्या. पुढच्या बाकावर कुणी तरी शिट्टी वाजवत होतं, त्याच्याकडंही त्यांनी वळून पाहिलं नाही. त्यांना केसकरांचा राग येत होता, पण त्याहून जास्त किळस आली होती ती त्या सफाईची. एका निरोपात बायका हाकलल्या आणि त्याच निरोपात देशभक्त झाले. आणि सांगलीत एक कारकून त्या माणसाच्या वड्या कपाळाला लावून पोरांच्या अंगाला घासत होता.

लेख त्यांनी एका बैठकीत लिहिला. विशेषणं नव्हती. लालासाहेब तो वाचत असताना त्यांच्या कपाळावरचा घाम बाईंना दिसत होता.

"बाई, ह्ये छापलं तर पाटी कुनाची लावायची?"

"कडीची लावा."

दोन दिवसांनी लालासाहेब केसकरांच्या नातवाला घेऊन आले. सौमित्र केसकर पुण्याचा, गुळगुळीत, कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन वाकून नमस्कार करणारा. संकुल बांधायचं काम त्याचंच होतं.

"मॅडम, लेख अप्रतिम आहे," तो म्हणाला. "पण काळ लक्षात घ्यायला हवा. आजोबा त्यांच्या काळाचे होते. शिवाय एकाच साक्षीवर इतिहास उभा राहत नाही."

"रक्त सांडलं त्याला किती साक्षी होत्या? ते तर पन्नास वर्षं वाहतंय."

सौमित्रनं न रागावता मान हलवली. "आपण असं करू. हरणाबाईंचाच सत्कार करू. स्वातंत्र्यसैनिक म्हणून. मार तर त्यांनी खाल्लाच ना? त्यांचाही मान, आजोबांचाही मान. कुणाचंच नुकसान नाही."

"असं कुणाचंच नुकसान न करणारं खोटं मी शाळेत फार पाहिलंय," बाई म्हणाल्या. "त्याला आम्ही कॉपी म्हणायचो. पेढे घेऊन जा. यांना मधुमेह आहे आणि मला चव आहे."

चिंतामणरावांना मधुमेह नव्हता. ते पुड्याकडं बघत राहिले.

स्मरणिकेचं काम प्राचार्यांकडं गेलं. पहिल्याच परिच्छेदात 'जाज्वल्य' चार वेळा आलं. आणि उंब्रजला जीप गेली. हरणाबाई यायला तयार झाली, हे कळल्यावर बाई जेवणावरून उठल्या.

"दुबळ्या माणसाला नारळ दाखवला की झालं!" त्या ताटाकडं बघून म्हणाल्या.

"तुला साक्षीदार हवी होती, की तुझ्यासारखीच बाई हवी होती?" चिंतामणरावांनी विचारलं. एवढं लांब वाक्य ते बऱ्याच वर्षांत बोलले नव्हते. बोलून ते गच्चीवर गेले. बाई मात्र त्या वाक्यापाशी बराच वेळ बसून राहिल्या. वाक्यात चूक सापडली नाही.

नऊ ऑगस्टला कारखान्याच्या अंगणात मांडव पडला. पाऊस बारीक लागला होता. स्मृतिद्वाराला झेंडूच्या माळा, त्यावर अच्युतरावांचा नवा, रंगवून घेतलेला फोटो. कार्यक्रमाआधी पाहुण्यांना बसवलं होतं ते त्याच लांबट खोलीत. पाट हलवून गाद्या घातल्या होत्या. बाई आत गेल्या तेव्हा हरणाबाई नव्या जरीच्या लुगड्यात चहा बशीत ओतून पीत होती. शेजारी अंग चोरून अंजना बसलेली.

"त्याच माणसाच्या फोटोखाली बसणार तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"फोटुनं काय हुतंय? काठी खरी व्हती का न्हाई?"

"काठी खरी. पण बोलावली कुणी ते लपवायचं? तुम्ही सैनिक व्हायचं आणि कोंडाबाई चोरच राहायची?"

हरणाबाईनं बशी खाली ठेवली. तिचा आवाज त्या दिवशी उंब्रजला मधेच खाली आला होता तसा खाली आला.

"बाई, तुमी शिकल्याल्या. तुमाला खरं पायजे. मला खुर्ची पायजे. पन्नास वरसं कुनी बस म्हनलं न्हाई. जीप आली तवा मी सांगितलं, दोन खुर्च्या मांडत असशाल तर येते. एक माझी, एक कोंडीच्या लेकीची. नायतर फोटूलाच घाला शाल. ही येत नव्हती. हाताला धरून आनलीया. बघू दे तिला समद्यास्नी वरनं."

अंजना गादीकडं बघत होती. बाईंना काही तरी टोचरं बोलायचं होतं, ते त्यांच्या तोंडात आलं आणि त्यांनी ते गिळलं. हे त्यांच्या बाबतीत इतकं क्वचित घडायचं, की ठसका लागला.

व्यासपीठावर खरंच दोन खुर्च्या होत्या. भाषणं झाली. प्राचार्यांनी रक्त सांडलं. सौमित्रनं हरणाबाईच्या पाया पडून शाल घातली, नारळ दिला, फोटो काढले. अंजनाचं नाव निवेदकाच्या कागदावर नव्हतं. तेव्हा हरणाबाईनं आपल्या अंगावरची शाल काढून अर्धी तिच्या खांद्यावर टाकली आणि माइकमध्ये म्हणाली, "हिच्या आईनंबी खाल्ल्यात. कोंडाबाई नाव व्हतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागं कुणी तरी म्हणालं, "साबणचोर?" आणि कुणी तरी हसलं. ते हसू अंजनानं ऐकलं. तिनं शालीचं टोक खाली सोडलं.

विनोदिनीबाई उठल्या. त्यांचं नाव कार्यक्रमात कुठंच नव्हतं. लालासाहेब आडवे यायला निघाले, तोवर त्या माइकपाशी पोचल्या होत्या. समोर दोन रांगा बायकांच्या होत्या. त्यांतल्या निम्म्या बाईंच्या विद्यार्थिनी. बाईंनी नुसतं समोर पाहिलं, तर त्या सवयीनं उठून उभ्या राहिल्या. त्यांना बघून मागचेही उठले. त्यांना वाटलं, राष्ट्रगीत.

"बसा," बाई म्हणाल्या. सगळा मांडव बसला.

मग त्यांनी सांगितलं. साबणानं सोललेली बोटं, बाहेरून लावलेली कडी, आत भिजलेलं लुगडं, टोपलीतली पोर. "ती पोर आज इथं बसली आहे," त्या म्हणाल्या. "पोलिसांना बोलावणारे गृहस्थ त्या फोटोत आहेत. ज्या खोलीत आज पाहुण्यांनी चहा घेतला तिचं दार जाताना बघून जा. आणि आईला दार उघडं हवं होतं, याला चोरी म्हणत असतील तर ज्यांना आई आहे त्यांनी घरी जाऊन विचार करावा."

टाळ्या झाल्या नाहीत. मग लालासाहेब माइककडं धावले आणि म्हणाले, "बाईंच्या तळमळीचं आपन स्वागत करूया." बँडवाल्यांना खूण केली. त्यांनी भलतंच गाणं सुरू केलं. सौमित्र केसकर मागच्या बाजूनं गाडीत बसला.

हरणाबाई मात्र चिडली होती. "आवं, जरा थांबायचं तरी!" ती बाईंना खाली उतरता उतरता म्हणाली. "अजून जेवान व्हायचं व्हतं."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, 'वीरांगना हरणाबाईंचा हृद्य सत्कार'. विनोदिनीबाईंच्या भाषणाला एक ओळ होती, 'ज्येष्ठ शिक्षिकेने आठवणींना उजाळा दिला'. बाईंनी ते वाचून चिंतामणरावांपुढं टाकलं. "उजाळा! भांडी घासतात काय हे?" पाटी लागली ती लागलीच, अच्युतरावांच्याच नावाची. पुढच्या वर्षी कारखाना पाडला आणि संकुल उभं राहिलं. तळमजल्यावर पहिलं दुकान तयार कपड्यांचं निघालं. हरणाबाईला सर्टिफिकेट मिळालं नाही. तुरुंगात गेलेल्यांच्या यादीत नाव नाही म्हणून अर्ज परत आला. ती म्हणाली, तात्याबाला विचारते, आंबा कुठला होता.

पण त्या ऑगस्टमध्येच, सत्कारानंतर थोड्याच दिवसांनी, अंजना आगाशांच्या दारात आली होती. हात धुऊन, पदर सारखा करून. "बाई, मांडवात सांगितलंत," ती म्हणाली, "पर आमच्या गल्लीतलं मांडवात कोन व्हतं? जे नाव ठेवत्यात ते तितं बसत्यात, नळाजवळ. तितं सांगाल का?"

बाईंनी चप्पल घातली.

नळ यायची वेळ होती. कळश्यांची रांग लागली होती. पानवाला दुकान सोडून आला होता, दोनचार म्हातारे कट्ट्यावर होते, बायका कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. अंजनानं एक घमेलं पालथं घातलं, बाई त्यावर बसल्या आणि त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश. कुणी मधेच विचारलं, "खोबरेल दिलं का मग?" बाई म्हणाल्या, "नाही." एका बाईनं अंजनाच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाली, "टोपलीत तू व्हतीस व्हय गं?" अंजनानं तोंड पदरात घातलं. नळाला पाणी आलं, कुणी कळशी लावली नाही. पाणी तसंच गटारात जात राहिलं.

कट्ट्यावरचा एक म्हातारा बराच वेळ विडी हातात धरून बसला होता. तो म्हणाला, "म्हंजी बाई, चोर केसकर व्हता म्हना की."

"एवढं सोपं वाक्य," विनोदिनीबाई म्हणाल्या, "या गावाला पन्नास वर्षं जुळवता आलं नाही." आणि घमेल्यावरून उठताना त्यांनी अंजनाच्या हाताचा आधार घेतला.